मिनिट्समधला सातवा मुद्दा

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि कळव्याच्या बाजूला, खाडीलगतच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टेनो होते. राहायला कोपरीत. संचालक मंडळाची बैठक असली की मला आत बसवत. जे बोललं जाईल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि नंतर त्याची मिनिट्स टाइप करायची. टेबलाभोवतीच्या लोकांच्या लेखी मी तिथे नसल्यासारखीच असे, आणि मला ते बरं वाटायचं.

कंपनी ज्यांनी उभी केली त्यांना आम्ही थोरले साहेब म्हणायचो. ते अध्यक्ष होते, पण हृदयाच्या दुखण्यामुळे त्या वर्षी घरीच असत. कारभार त्यांच्या मुलाकडे, म्हणजे धाकट्या साहेबांकडे आला होता. ज्या बैठकीबद्दल मी सांगतेय, तिचं अध्यक्षपद धाकट्या साहेबांकडेच होतं.

त्या दिवशी वर्क्स मॅनेजरना मुद्दाम बोलावलं होतं. पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. पहिल्या दिवसापासून कारखान्यात असलेले. उत्पादन किती वाढवता येईल ते त्यांनी सांगितलं आणि मग कागद खाली ठेवून म्हणाले, "आणखी एक गोष्ट आहे. क्लोरीनचे सिलिंडर आपण मागच्या भिंतीला लागून ठेवतो. भिंतीपलीकडे, खाडीच्या बाजूला, कोळ्यांची वस्ती आहे. गळती झाली तर गॅस शोषून घ्यायला जो टॉवर आहे, त्याचा पंप महिनोन् महिने बंद आहे. सिलिंडर तिथून हलवले पाहिजेत. आणि वस्तीतल्या लोकांना सांगून ठेवलं पाहिजे, वास आला तर कुठे जायचं ते."

भोपाळ होऊन तीन-चार वर्षं झाली होती.

"लोकांना सांगायचं म्हणजे उद्या गेटवर मोर्चा," धाकटे साहेब म्हणाले. "पंपाचं बघू पुढच्या तिमाहीत."

माझ्या वहीत हा सातवा मुद्दा होता. मी तो तसाच टाइप केला. दुसऱ्या दिवशी कच्चा मसुदा परत आला तेव्हा सातव्या मुद्द्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ होती. धाकट्या साहेबांनी मला आत बोलावलं. "हे चर्चेत आलं, पण निर्णय काही झाला नाही. मिनिट्समध्ये निर्णय लिहायचे असतात. बरोबर ना?"

मी "हो सर" म्हटलं आणि पान पुन्हा टाइप केलं. आठव्या मुद्द्याला सातवा आकडा दिला.

त्याच दुपारी वर्क्स मॅनेजर माझ्या टेबलापाशी थांबले. मिनिट्सची प्रत फक्त संचालकांना जायची, त्यांना मिळायची नाही. "माझं ते क्लोरीनचं आलं ना त्यात?" त्यांनी विचारलं.

मी टाइपरायटरची रिबन नीट करत होते. "हो, आलंय," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही धड सांगता येत नाही. वडील नुकतेच रिटायर झाले होते, भाऊ कॉलेजात होता, हे सगळं खरं. पण त्या क्षणी मनात यातलं काहीच नव्हतं. फक्त त्यांनी लवकर जावं असं वाटत होतं.

पुढचे दोन महिने मी नीट जेवले नाही. कारखान्यात ब्लीचिंग पावडरसारखा वास नेहमीचाच, पण आता तो जरा वाढला की मी खिडकीशी जाऊन भिंतीपलीकडे बघायचे. बायका जाळी विणत बसलेल्या असायच्या, दोरीवर बोंबील वाळत असायचे. घरी आई विचारायची, "अगं, तब्येत बरी नाही का तुझी?" मी ॲसिडिटी म्हणून सांगायचे.

आणि मग एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपता संपता, एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. टॉवरचा पंप बंदच होता. वारा खाडीकडे वाहत होता, म्हणून आम्ही ऑफिसातले वाचलो. वर्क्स मॅनेजर स्वतः मास्क लावून दोन कामगारांबरोबर आत गेले आणि व्हॉल्व्ह बंद करून आले. अर्धा तास लागला असेल. तेवढा वेळ भिंतीपलीकडून खोकल्याचे आणि आरडाओरड्याचे आवाज येत होते. लोक धावत होते, पण कुठे धावायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. काही जण तर वाऱ्याच्याच दिशेने पळत होते.

कुणी दगावलं नाही. चार-पाच जणांना सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यात दोन लहान मुलं होती.

तिसऱ्या दिवशी धाकट्या साहेबांनी मला डिक्टेशनला बोलावलं. वर्क्स मॅनेजरना द्यायची कारणे दाखवा नोटीस होती. मी लिहीत गेले. पंप नादुरुस्त असल्याची बाब आपण वरिष्ठांपासून लपवलीत. संचालक मंडळाला आपण या धोक्याची कोणतीही पूर्वकल्पना दिली नाही. इथे माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"सर, त्यांनी बैठकीत..."

"मिनिट्समध्ये आहे का तसं?"

"नाही सर."

"मग?"

मी बाहेर आले, पण नोटीस टाइप केली नाही. डोकं दुखतंय असं सांगून घरी निघाले. शॉर्टहँडची वही पिशवीत होती. ती ऑफिसातून बाहेर नेणं हाच गुन्हा होता. बसस्टॉपवर उभी असताना ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने पिशवी छातीशी धरली होती. कोपरीची बस आली. मी चढले नाही. रिक्षा केली आणि थेट थोरल्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. वाटेत दोनदा रिक्षा परत फिरवायला सांगावी असं वाटलं.

ते व्हरांड्यात शाल घेऊन बसले होते. मला त्यांनी ओळखलंही नाही. मी कोण ते सांगितलं आणि वही पुढे केली. त्यांनी पान उलटून पाहिलं. सगळ्या वेड्यावाकड्या रेघा.

"मला हे वाचता येत नाही, बाळ."

"माझ्याशिवाय कुणालाच येत नाही, साहेब."

"मग वाचून दाखव."

मी वाचलं. आवाज इतका कापत होता की "वस्तीतल्या लोकांना सांगून ठेवलं पाहिजे" हे वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे तुला सगळ्यांसमोर वाचावं लागेल. वाचशील?"

नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं, म्हणून हो म्हटलं.

दोन दिवसांनी बैठक झाली. थोरले साहेब डॉक्टरांचं न ऐकता आले. मी उभी राहून वाचलं. धाकटे साहेब पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. वाचून झाल्यावर थोरल्या साहेबांनी बाकीच्या संचालकांना विचारलं, "तुम्ही सगळे तिथे होतात. हे खरं आहे?" कुणीही खोटं आहे म्हटलं नाही. मग इतके दिवस गप्प का बसलात, असं त्यांनी विचारलं नाही.

नोटीस निघालीच नाही. नवा पंप बसेपर्यंत तो विभाग बंद ठेवला आणि सिलिंडर कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. बैठकीच्याच संध्याकाळी थोरले साहेब वस्तीत गेले. माफी मागायला आणि गळती झाली तर काय करायचं ते सांगायला. त्यांच्या आग्रहावरून वर्क्स मॅनेजर आणि मीही बरोबर होतो. एक कोळीण पुढे आली. तिचा नातू दवाखान्यातून नुकताच घरी आला होता. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता सांगताव? आमचे पोरांचे डोले जलले तवा कोन नाय आला सांगाला." थोरले साहेब मान खाली घालून उभे राहिले. ती बोलायची थांबेपर्यंत हलले नाहीत. मी त्यांच्या मागे उभी होते आणि ते सगळं मलाच उद्देशून आहे असं मला वाटत होतं.

महिन्याभरात माझी बदली डिस्पॅचला झाली. धाकट्या साहेबांच्या सहीने. मी तक्रार केली नाही. पण वर्क्स मॅनेजर कँटीनमध्ये भेटले की माझे आभार मानायचे, आणि ते मला सहन होईना. एकदा मी सांगून टाकलं. "तुम्ही मला विचारलं होतंत ना, आलंय का म्हणून? मी खोटं बोलले होते. रेघ मारलेली मला माहीत होती."

त्यांनी चहा खाली ठेवला. "मला तेव्हाच शंका आली होती. तुम्ही वर बघितलंच नव्हतंत."

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं," ते म्हणाले. मग कामावर जायची वेळ झाली म्हणून उठले, आणि मीही माझ्या टेबलावर परत गेले.