परसातलं गोल कोर्ट

बॅडमिंटनचं कोर्ट चौकोनी असतं, ही गोष्ट जगात कुणाला समजावून सांगावी लागेल असं मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं.

सत्तर साल उलटलं होतं आणि मोठा दुष्काळ अजून यायचा होता. मी नगरला कॉलेजात होते. परीक्षा संपवून सुट्टीला शेवगावजवळच्या आमच्या खेड्यात आले. मेच्या अखेरीला जिल्ह्याच्या बॅडमिंटन संघाची निवड होती. कॉलेजचं एकच वर्ष उरलेलं, म्हणजे संघात शिरायची हीच संधी. दीड महिना मीठ लावून कैऱ्या खात बसले असते तर माझ्या जागी दुसरीच कुणी गेली असती.

दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "त्यात काय रडायचं! परसात कोर्ट करू. आणि साधंसुधं नाही, हिरवंगार!"

नगरच्या लष्करी भागात कुठल्याशा बंगल्याच्या आवारात त्यांनी हिरवी मॅट अंथरलेली पाहिली होती. तेव्हापासून तो हिरवा त्यांच्या डोक्यातून उतरत नव्हता. क्रिकेटच्या खेळपट्टीवर घालतात तसली जुनी काथ्याची मॅट नगरला लिलावात निघणार असल्याचं त्यांना कळलं, आणि आम्ही दोघं ती आणायला निघालो.

निघताना दादांनी मामांना सांगितलं, "जमीन खळ्यासारखी घट्ट पाहिजे. वर पाणी ओतलं तर परातीत ओतल्यासारखं राहिलं पाहिजे." मामा म्हणजे आमचे जुने सालगडी. गावातली निम्मी खळी त्यांच्या हातची. मी त्यांना कागदावर लांबी-रुंदी घालून आयत काढून दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि मुंडाशात खोचला.

तीन दिवसांनी एसटीच्या टपावर मॅटचे दोन गुंडाळे टाकून आम्ही परत आलो. मी धावत परसात गेले आणि जागच्या जागी थिजले. मागून आलेल्या दादांच्या तोंडातली सुपारी खाली पडली.

समोर भलंमोठं, आरशासारखं सारवलेलं, गोल खळं! आणि मधोमध खळ्यात बैल बांधायचा खांब, म्हणजे मेढ. पुरुषभर उंचीची.

"मामा, हे काय?"

"कोर्ट," मामा म्हणाले.

"गोल?"

"मंग? जमीन घट्ट करायची तर बैल फिरवाया पायजेत. बैल मेढीभवतीच फिरत्यात. चौकोनात घातलं तर कोपऱ्यात जाऊन उभं ऱ्हातील की, येड्यावानी!"

"आणि मी दिलेला कागद?"

"हाय की!" त्यांनी मुंडाशातून कागद काढला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "लई जपून ठिवलाय."

मी मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ती उपटायला लागले. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई गरजली, "खबरदार! पूजा झालीय तिची."

खरंच, मेढीला हळदकुंकू होतं, आंब्याच्या पानांचा टाळा होता आणि पायाशी नारळ फोडलेला होता. माझ्या सख्ख्या आईने माझ्या कोर्टाच्या छाताडावर नारळ फोडला होता!

"रास निघाल्याबिगर मेढ काढत न्हाईत," आई म्हणाली.

"आई, इथं धान्य नाही मळायचं, खेळायचंय!"

"मग खेळ की. मेढीनं काय तुझा हात धरलाय?"

दोन दिवस तेही केलं. मेढीच्या दोन्ही बाजूंनी जाळी ताणली. मी हलकेच टाकलेलं शटलचं प्रत्येक फूल खांबावर आपटून माझ्याच पायाशी परत यायचं. एक तर टाळ्यात जाऊन बसलं आणि आईने ते काढू दिलं नाही. दादा म्हणाले, मॅटला मेढीपुरतं भोक पाडू. विळा घेऊन बसले, मॅटवरून हात फिरवला आणि विळा ठेवून उठले.

मग मला युक्ती सुचली. घरातली सूपभर कणसं आणली, मेढीपाशी काठीने बडवली आणि आईला हाक मारली, "ही घे रास!"

आईने वाकून पाहिलं. "ही रास? ही चिमण्यांची न्याहारी."

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू हे सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा गहू पडलाय की मळायचा. घालू का तुमच्या खळ्यावर? पर बैलांमागं माझ्याकडं मानूस न्हाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पाच दिवस मी बैलांमागे गोल गोल फिरले. हातात चाबूक नव्हता, रॅकेट होती. बैलांनाही तिचं नवल वाटत असावं, कारण ती नुसती उचलली तरी ते पळायचे. कुंपणापाशी बायका जमायच्या. "कालेजात जाऊन ह्येच शिकली व्हय गं?" असं एकीने विचारलं, तेव्हा मी तिला रॅकेटनेच मुजरा केला.

सहाव्या दिवशी काकूंच्या गव्हाची रास उभी राहिली. मामांनी मेढ काढली, आईने स्वतः तो खड्डा बुजवून सारवला. पाच दिवसांच्या खुरांनी जमीन अशी झाली होती की टाच आपटली तर दात वाजावेत. दादांनी दोन्ही मॅटी दाभण-सुतळीने एकमेकींना शिवल्या, खुंट्या मारून ताणल्या, बादलीत हिरवा रंग कालवला आणि केरसुणीने मॅटवर मारला. उरलेला महिना धोतराचा काचा मारून ते रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर उभे राहिले. रंग मॅटवर कमी आणि आमच्या तळव्यांवर जास्त बसला.

निवडीच्या दिवशी खेळून झाल्यावर मी बूट काढले. निवड करणाऱ्या बाई माझ्या पायांकडे बघून दोन पावलं मागे सरकल्या.

"हे काय झालंय तुला?"

"घरचं कोर्ट," मी म्हटलं.

यादीत माझं नाव शेवटचं होतं, पण होतं. एसटीतून उतरले ती मी ओरडतच परसात शिरले, "आई, निवडलं मला! निवडलं!" आणि पुन्हा थिजले.

माझ्या हिरव्यागार कोर्टावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आईची जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यांवर शेकड्यांनी कुरडया वाळत होत्या. जाळीपाशी काकू काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या.

"निवडलं? लई ब्येस झालं," आई कुरडई उलटत म्हणाली. "आता तिथंच थांब. चपला काढल्याबिगर कोर्टावर पाय ठिवायचा न्हाई."