ताटीचा धोंडा

अकोल्यात आमच्या अंगणात पाण्याचं टाकं होतं. जमिनीत खणलेलं, वरून उघडं, पुरुषभराहून खोल. नळाला जोर नसायचा, म्हणून गल्लीत सगळ्यांचीच टाकी जमिनीत. त्यांना आडोसा करावा असं काही कोणाला सुचत नसे. माझा धाकटा भाऊ चालायला लागला आणि आईची झोप उडाली. वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "अख्खी गल्ली अशाच टाक्यांजवळ वाढली."

"जे वाढले तेच दिसतात तुमाले," आई म्हणाली.

मग तिनं स्वतःच कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा कूड घातला, तिच्या डोक्याएवढा उंच. आत जायला ताटी. तिची कडी इतकी वर की नऊ वर्षांची मी टाचा उंचावल्या तरी हात पोचत नसे. शेजारणी पाण्याला येत आणि ताटी उघडी टाकून जात, म्हणून तिनं ताटीला दोरीनं फुटका वरवंटा लटकावला. हात सोडला की त्याच्या भारानं ताटी धाडकन मिटायची.

गल्ली हसली. "मास्तरीणबाई, पाण्याले काहून कोंडून राहिल्या जी?"

"पाण्याले नाही, पोराले," आई म्हणायची.

मला मात्र त्या धोंड्याचा भारी राग. आईनं कडी काढून दिली आणि भरली कळशी घेऊन निघालं की ताटी टाचेवर आदळायची, अर्धं पाणी पायावर.

त्या उन्हाळ्यात शेजारी लग्न निघालं. लग्नघरी पाणी कमी पडलं तर नाक गल्लीचं कापलं जायचं, म्हणून ज्याच्या टाक्यात पाणी त्यानं ते खुलं करायचं, अशी आमच्याकडची रीत. सकाळपासून बायांची रीघ लागली. डोक्यावर पाण्याचे दोन-दोन गुंड आणि कमरेत ताटीचा दणका! "अवं माय, हा धोंडा जीव घेईन कोनाचा!" एक जण करवादली. मी लगेच धोंडा काढून बाजूला ठेवला आणि ताटीला वीट लावली.

"शायनी पोर हाय बाई!" बाया म्हणाल्या. मी अशी फुगले की विचारू नका.

दुपारी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाळ कुठी हाय?" तिनं विचारलं, आणि तेवढ्यात तिला उघडी ताटी दिसली. ती तशीच धावली आणि नऊवारीसकट टाक्यात उडी घेतली.

बायांनी बादलीचा दोर टाकला. आईनं तो धरला, वर आली, श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेली. "बाहेर या जी!" बाया रडायला लागल्या. ती पुन्हा वर आली, म्हणाली, "पोरगं सापडू द्या," आणि पुन्हा बुडाली.

तेवढ्यात मांडवातून कोणी तरी ओरडलं, "अवं, पोरगं इथं बुंदी खाऊन राह्यलं!"

आईला वर ओढलं. तिनं बाळाला पोटाशी धरलं नाही. आधी धोंडा उचलून ताटीला बांधला. मी रडत कबूल केलं, "म्या काढला होता."

मला वाटलं, आता मार बसणार. ती माझ्याजवळ मटकन बसली. "कडी तुह्या हाताले लागत नव्हती, हे पाह्यलं होतं मी. धोंडा लागते, हे नव्हतं पाह्यलं." मग दोर सोडून तिनं धोंडा कडीइतका वर बांधला.

ती परत माझ्याजवळ बसली, तेव्हा तिच्या केसांतलं पाणी माझ्या मांडीवर गळत होतं. मी विचारलं, "आई, तुले पोहता येते?"

"नाही वं," ती म्हणाली.