एक बूट पायरीवर, एक हौदामागे

"चोर! चोर! माझा बूट गेला!"

आमचे इंदिरानगरचे शेजारी असे ओरडले, की फ्रान्समधल्या त्या डोंगरउतारावरच्या जुन्या गावाची कौलं हलली आणि समोरच्या टेकडीवरच्या गाईंनी चरणं सोडलं.

हे काका म्हणजे सावधपणाचा पुतळा. गॅलरीतल्या बादलीलासुद्धा साखळी. लिफ्टमध्ये भेटले की आधी स्वतःचे खिसे चाचपतात, मग "कसे आहात?" विचारतात. देवळात जाताना एक चप्पल या टोकाला, दुसरी त्या टोकाला. "जोडी दिसली तर चोरी. काय समजलात?"

आमच्या सहलीत त्या गावातलं शेकडो वर्षांचं चर्च होतं. आम्ही सगळे बुटांसकट आत घुसलो. यांनी मात्र बूट काढले. डावा पायरीवर, उजवा चौकातल्या हौदामागे. बाहेर येऊन बघतात तो उजवा गायब! खाली बस सुटायच्या बेतात, दुसरा जोड नाही आणि उतारावरचे दगड बर्फासारखे गार.

तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत चढ चढून आली. हातात उजवा बूट! कुणाचा तरी राहिला म्हणून बिचारी तो घेऊन घरोघर विचारत फिरली होती. जोड असा लांब लांब का ठेवला, असं तिनं विचारलं. चोरांच्या भीतीनं, हे काकांचं उत्तर गाइडनं तिला फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारी पोट धरून हसली.

"काका, त्या म्हणतात, गावात आम्ही अकराच माणसं राहतो," गाइड म्हणाली.

काका नाडी आवळत म्हणाले, "अकरा म्हणजे काही कमी नाहीत."