बोटभर फट

गिऱ्हाईक बोर्डाचं माप सांगायचं आणि पेंटर उठून दुकानाबाहेर जायचे. रस्त्याच्या कडेला उभं राहून बोटाला थुंकी लावायचे, ते बोट वर धरायचे आणि डोळे बारीक करून झाडाच्या शेंड्याकडे पाहायचे. बोर्ड लागायचा असायचा कळमनुरीच्या रस्त्याला आणि वारा बघणं चालायचं हिंगोलीच्या मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीत. नवं गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघायचं. मी मान खाली घालून पत्रा घासत राहायचे. मग पेंटर आत येऊन विचारायचे, "तिथं वारं कुठून येतं?"

भाव त्यानंतर.

सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं. मी त्यांना कधी कशानेच हाक मारली नाही, गरज पडली तर नुसती जवळ जाऊन उभी राहायचे. त्यांच्या दुकानात पत्रा पॉलिश पेपरने घासायचा आणि त्यावर गंज धरू नये म्हणून तांबडा रंग मारायचा, हे माझं काम. अक्षरं ते स्वतः काढत.

भाव सांगायची त्यांची एक रीत होती. बोर्डाचा भाव तीन गोष्टींवर ठरतो, बोर्ड तोलून धरणारा लोखंडी अँगल, पत्रा आणि रंग. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ते म्हणायचे, "पत्र्यात बोला, रंगात बोला. लोखंडात बोलू नका." पत्रा पातळ करून देत, रंग स्वस्तातला लावत, पण अँगल हलका करत नसत. तरी कोणी ऐकलं नाही तर विचारायचे, "त्या बोर्डाखाली तुमचं लेकरू उभं कराल का?" हळदीचा एक व्यापारी म्हणाला होता, "लेकरू न्हाई, मेव्हण्याला उभं करतो. हलकाच लावा." दुकानातले सगळे हसले, मीही पदराआड हसले. पेंटर हसले नाहीत. त्यांनी ते काम घेतलंच नाही.

मोठा बोर्ड ते सलग पत्र्याचा करत नसत. आडव्या पट्ट्या लावत आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवत, म्हणजे वारा आरपार जातो. खालून पाहणाऱ्याला अक्षरं सलग दिसायची. तुम्हीही अशा बोर्डाखालून कितीदा गेला असाल, फट कुठं दिसली असेल?

उन्हाळ्यात दुपार कलली आणि धूळ उठायला लागली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. हातातला ब्रश डब्यात ठेवून, गावात लावलेले बोर्ड बघायला सायकल काढायचे. गिऱ्हाईक आलं तर त्यांची बायको मागच्या घरातून सांगायची, "लेकींकडे गेलेत. एक स्टँडवर दिली, एक मोंढ्यात, एक कळमनुरीच्या रस्त्याला. वारं सुटलं की बापाला दम निघत न्हाई." वारा पडल्यावर ते परत यायचे, डोळ्यांत धूळ आणि चेहरा उतरलेला. एकदा असेच येऊन पाणी पीत बसले आणि आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पडला होता एकदा एक." कुठला, कोणाच्या अंगावर, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

हिंगोली जिल्हा झाला ते वर्ष त्यांचं सगळ्यात सुखाचं. गावभरच्या बोर्डांवरचं 'जि. परभणी' पुसून 'जि. हिंगोली' लिहायचं काम निघालं. एवढ्याशा कामाला ते शिडीवर किती तरी वेळ घालवायचे. अक्षरं पटकन व्हायची, पण मग पाना काढून प्रत्येक नट आवळत बसायचे. खालून कोणी ओरडायचं, "पेंटर, एका शब्दाला एवढा वेळ?" वरून उत्तर यायचं, "परभणी लवकर निघत न्हाई."

पुढे नांदेडहून फ्लेक्स आला. पत्र्यापेक्षा कितीतरी स्वस्त, वर रंगीत फोटो. पेंटरांचं काम आटलं. त्याबद्दल ते कुरकुरले नाहीत. कापडाचं वजन नाही, पडलं तरी कोणी मरत नाही, असं म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

नरसीच्या रस्त्यावर बियाण्याचं आणि खताचं एक दुकान होतं. त्याच्या माथ्यावर पेंटरांनी केलेला सगळ्यात मोठा बोर्ड होता, रस्त्यावर झुकलेला. नरसीला जाणारी माणसं त्याच्याच सावलीत गाडीची वाट बघत उभी राहायची. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी तो करून घेतला होता आणि लोखंडात एक शब्द बोलले नव्हते. ते वारले. मुलाने त्यांचा फोटो टाकून मोठा फ्लेक्स करून आणला. जुना बोर्ड काढायचा खर्च नको म्हणून नांदेडच्या माणसांनी तो फ्लेक्स बोर्डावरच ताणून बसवला.

आम्ही दोघं पत्रा आणायला निघालो होतो. पेंटर सायकलवरून उतरले आणि वर बघत राहिले. मला वाटलं, आपली अक्षरं झाकली म्हणून वाईट वाटत असेल.

"फटी बुजवल्या," ते म्हणाले.

सायकल माझ्या हातात देऊन ते दुकानात गेले. मी पायरीपाशी उभी होते. ते त्या मुलाला, म्हणजे आताच्या शेठना, समजावत होते, की आता वारा अडतोय, सगळा जोर अँगलवर येतोय, आणि हा अँगल फट धरून ठरवलेला आहे.

"पेंटर, तुमचा धंदा बसला म्हणून तुमी आमच्या फ्लेक्सला नावं ठेवून राहिले," शेठ म्हणाले.

"धंदा जाऊ द्या. मला फक्त फ्लेक्सला वारा जायपुरत्या चिरा मारू द्या. नखासारख्या अर्धगोल, तळहाताएवढ्या. बाकी काही न्हाई."

"कुठं मारता?"

पेंटर त्यांना बाहेर घेऊन आले आणि बोटाने दाखवू लागले. दोन चिरा अक्षरांत जात होत्या. तिसरी बरोबर म्हाताऱ्यांच्या गालावर.

शेठनी वर फोटोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या बापाच्या तोंडाला चाकू लावू देऊ काय मी?"

पेंटरांनी दाखवणारं बोट खाली घेतलं. मलाही शेठचं चुकलं असं म्हणवेना. फोटोतले म्हातारे आमच्याकडे बघून हसत होते.

त्यानंतर पेंटर रोज तिथं जायला लागले. उभ्या माणसांना म्हणायचे, जरा सरकून उभं राहा. माणसं सरकायची आणि त्यांची पाठ वळली की परत सावलीत यायची. लेकरू कडेवर घेतलेली एक बाई त्यांना म्हणाली, "याला उन्हात धरू का, बाबा?" ते वाक्य त्यांनी दुकानात येऊन मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. जेवणाचा डबा तसाच घरी जाऊ लागला. त्यांची भीती मलाही लागली. पत्रा घासताना वाऱ्याने दार वाजलं तरी माझा हात थांबायचा.

मग एका सकाळी त्यांनी दुकानातला सगळ्यात जाड पत्रा काढून मला घासायला दिला. गिऱ्हाइकाला परवडत नाही म्हणून कधी न उघडलेला भारीतला रंग उघडला. कोणाचं काम आहे, हे मला ओळी उमटल्यावर कळलं. 'नरसीला जाणारी गाडी इथे थांबेल.' खाली कोणत्याही खात्याचं नाव लिहिलं नाही. खोटं कशाला, म्हणाले. बियाण्याच्या दुकानापासून थोडं पुढे एक मोठा कडुलिंब होता. त्याखाली त्यांनी ती पाटी रोवली आणि उरलेल्या अँगलचा एक बाक करून ठेवला.

पहिल्या दिवशी माणसं गोंधळली. मग बाया बाकावर बसल्या, त्यांच्यामागे पिशव्या आल्या, पिशव्यांमागे पुरुष. ड्रायव्हरने माणसं दिसली तिथं गाडी उभी केली. कोणाच्या हुकमाने, हे कोणी विचारलं नाही. पाटीवर लिहिलंय म्हणजे असेल.

विचारलं ते फक्त शेठनी. दुकानापुढची वर्दळ गेली म्हणून ते तणतणत आमच्या गल्लीत आले. पेंटर म्हणाले, "तुमी चिरा मारू द्या. मी आजच्या आज पाटी काढतो." शेठ उंबऱ्यातूनच मागे फिरले.

वैशाखात एका दुपारी आभाळ पिवळं झालं. पेंटरांनी सायकल काढली. त्या दिवशी मीही पदर खोचून मागोमाग पायी गेले. मी पोचले तेव्हा सगळी माणसं कडुलिंबाखाली दाटीने उभी होती, बोर्डाच्या सावलीत कोणी नव्हतं. फ्लेक्स पोटासारखा फुगला होता आणि बोर्ड कण्हत होता. पेंटरांनी बाकाचा अँगल दोन्ही हातांनी धरला होता. जणू तोच सुटणार होता. बोर्ड एकदा पुढे आला, मागे गेला. मग फ्लेक्स खालच्या कोपऱ्यातून उभा फाटला आणि वारा आरपार निघून गेला. म्हाताऱ्यांचा चेहरा तेवढा शाबूत राहिला.

"उभा हाय की तुमचा बोर्ड," कोणीतरी म्हणालं. "उगं तकलीफ घेतली."

"आज न्हाई पडला," पेंटर म्हणाले. मग त्यांनी मान वर करून हलणाऱ्या कडुलिंबाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवी काळजी आली.

शेठनी नवा फ्लेक्स लावला. तोच फोटो, तसाच बिनचिरेचा.

पुढे पेंटरांची नजर अधू झाली. दुकान मोडून ते कळमनुरीला लेकीकडे राहायला गेले, खऱ्या लेकीकडे. तिथंच वारले. आम्हाला उशिरा कळलं. दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो.

माझी मुलगी नरसीला दिली आहे, म्हणून मी त्या बाकावर बसते. थांबा सरकारी आहे असं सगळे समजतात. समोरचा बोर्ड अजून उभा आहे. दर वर्षी त्यावर नवा फ्लेक्स चढतो आणि गंजाचं तांबडं पाणी खांबावरून खाली येतं. यंदा उन्हाने पाटीची अक्षरं गेली. 'थांबेल' तर दिसेनासंच झालं. मी गेले तेव्हा दोघं-तिघं पुन्हा समोरच्या सावलीत उभे होते.

दुकान मोडताना पेंटरांनी मला तो भारीतला रंग दिला होता, तळाशी उरलेला. मी तो टर्पेंटाइनमध्ये कालवला आणि भर दुपारी गेले, कोणी बघू नये म्हणून. अक्षरं मी कधी काढली नव्हती. जुन्या खुणांवरून ब्रश फिरवत गेले. ओळ वाकडी होत होती.

मागून आवाज आला, "बाई, गाडी इथंच थांबते का?" एक पोरगी होती, कडेवर लेकरू. विचारता विचारता ती समोरच्या सावलीकडे वळली.

"तिथं नको," मी म्हणाले. माझा एवढा मोठा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला. "इथं बसा."

ती बसली. 'ल' राहिला होता, तो मी काढला.