जे पिवळं नाही ते ठीक

बाई रंगांवर पोट भरायची, पण रंगाला नावाने हाक मारायची नाही. पडदे घ्यायला गेली तर दुकानदाराला म्हणायची, "हा नको, हा दोनशे दहाच्या पुढे जातोय." दुकानदार बिचारा कापडाची रुंदी मोजायला लागायचा. घरच्यांनी तिचं नावच अंशाताई पाडलं होतं. तिच्या लेखी रंग म्हणजे वर्तुळावरचा अंश: शून्यावर लाल, साठावर पिवळा, एकशेवीसवर हिरवा आणि फिरून तीनशेसाठला पुन्हा लाल. कॅमेरा फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवं, निळं किती ते सांगतो. त्यावरून अंश काढणारे प्रोग्रॅम ती लिहायची. डोळे थापा मारतात, आकडे मारत नाहीत, हे तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की धाकटी बहीण कानात बोटं घालायची.

त्याच बहिणीला मुलगी झाली, आणि तीही नेमकी अंशाताईचा प्रोग्रॅम नुकताच लावलेल्या इस्पितळात. नर्सने बाळाच्या कपाळाचा फोटो काढायचा. कातडीचा सरासरी अंश पिवळ्याच्या घरात आला तर पडद्यावर लाल खूण, म्हणजे कावीळ, नाहीतर हिरवी. मावशीबाईंचे पाय त्या आठवड्यात जमिनीला लागत नव्हते.

घरी सोडायच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "मशीन ठीक म्हणतंय. तरी हवं तर रक्त तपासू."

बहीण घुटमळली. "ताई, काय करू गं?"

"हिरवी खूण आलीय ना? मग एवढ्याशा जिवाला सुई कशाला टोचायची?"

बहिणीने ऐकलं. ताईचं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

पिशव्या भरून झाल्या. निघता निघता बाळाने दूध ओकलं, लाल लोकरीचं टोपडं भिजलं, म्हणून ते काढलं. मेहुण्याला गंमत दाखवायची म्हणून अंशाताईनेच नर्सला आणखी एक फोटो काढायला लावला.

खूण लाल आली.

"बिघडलं वाटतं," मेहुणा हसला. पुन्हा फोटो काढला, पुन्हा लाल. अंशाताईने ओलं टोपडं बाळाला परत घातलं. हिरवी. काढलं. लाल.

टोपड्याची कड फोटोत येत होती. तो लाल जरासा गुलाबीकडे झुकलेला, म्हणजे तीनशेपंचावन्न. आणि तिने सरासरी काढली होती शाळेतल्या मार्कांची काढतात तशी, बेरीज करून भागून. वर्तुळावर तीनशेपंचावन्न शून्याला अगदी खेटून असतं, पण बेरजेत तो केवढा आकडा. कडेच्या थोड्याशा ठिपक्यांनी अख्खं कपाळ पिवळ्यातून ढकलून हिरव्यात नेलं होतं. हिरवं बाळ जगात नसतं, म्हणून हिरव्याचं काय करायचं हे तिने लिहिलंच नव्हतं. जे पिवळं नाही ते ठीक, एवढंच लिहिलं होतं. चाचणीचे सगळे फोटो उघड्या डोक्याच्या बाळांचे होते.

तिने बाळाला खिडकीशी नेलं आणि नुसतं पाहिलं. बाळ पिवळं होतं. इतकं पिवळं, की हे आपल्याला सकाळपासून दिसलं कसं नाही, याचीच तिला भीती वाटली.

"हिला घरी नेऊ नका." तिने बाळाला नर्सच्या हातात दिलं. "रक्त तपासा. आत्ताच्या आत्ता. चूक माझी आहे."

तपासणीचा आकडा आला तेव्हा डॉक्टरांनी बाळाला लगेच कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्यांखाली ठेवलं. मग हात पुसत म्हणाले, "वेळेत सापडलं. घरी नेली असती तर कावीळ मेंदूत चढली असती."

बहीण काचेच्या पेटीला हात लावून उभी होती. ताईकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

अंशाताई बाहेर बाकावर बसली. बाळ वाचलं, हे ती स्वतःला सांगत होती, आणि मधेच तिचं सांगणं थांबलं. ती उठली आणि नर्सच्या टेबलाशी गेली.

"हा प्रोग्रॅम लावल्यापासून... हिरवी खूण घेऊन घरी गेलेली बाळं. त्यांतल्या कोणाकोणाला टोपडं होतं?"

नर्सने हातातली नोंदवही मिटली.

"थंडी पडलीय, ताई," ती म्हणाली. "सगळ्यांनाच होतं."