घोरपडीच्या चामड्याचं घुमट

बाबांचे कान खाणीनं खाल्ले. गोव्यात डिचोलीच्या खाणींवर त्यांनी वर्षानुवर्षं खनिजाचा ट्रक हाकला. खाणी बंद पडल्या तोवर त्यांना घरातलं बोलणंही ऐकू येईनासं झालं होतं. मी कानाचं यंत्र आणून दिलं, तर "करकर करता" म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं. एकच वस्तू त्यांना ऐकू यायची, आजोबांचं घुमट. मातीचं मडकं, एका तोंडाला घोरपडीचं चामडं, दुसरं तोंड उघडं. ते मांडीत धरून वाजवत आणि म्हणत, "हें म्हाका पोटांत आयकूं येता."

घोरपड मारायला आता बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आमच्या बायकांच्या आरती पथकातली सगळी घुमटं बोकडाच्या चामड्याची. ती बाबांपर्यंत पोचत नसत. म्हणजे आजोबांचं हे एक गेलं की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरीही मी हो म्हटलं. पुण्याहून एक तरुण संशोधक आला होता. कुठल्या कुठल्या रंगवलेल्या गुहांत हाडाची बासरी आणि दगड वाजवून आलेला. आदिमानवाला स्वतःचं संगीत कसं ऐकू आलं असेल, याचा त्याला ध्यास होता. आता त्याला आमच्या डोंगरातल्या जांभ्याच्या गुहेत मातीचं जुनं वाद्य वाजवून हवं होतं. "आमच्या गुहेत चित्रं नाहीत, वटवाघळांची घाण आहे," मी म्हटलं. तो हसला नाही. न हसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. पण बाबांचं वाजवणं ऐकायला कुणी एवढ्या लांबून आलं, याचीच मला हाव सुटली, हे कबूल करते.

सकाळी गुहेत चांगलीच ओल होती. संशोधकानं आधी बासरी वाजवली, आणि भिंतीतून कुणी रडतंय असं मला वाटलं. बाबा त्याच्या फुगलेल्या गालांकडे नुसते बघत होते. मग ते खाली झऱ्यावर पाय धुवायला गेले. पाय धुतल्याशिवाय ते घुमटाला हात लावत नसत.

"ओलीनं चामडं सैल पडेल ना?" संशोधकानं विचारलं.

आणि मी, मोठी शहाणी, कामाला लागले. गणेश चवथीला आरतीआधी आम्ही पथकातली घुमटं शेकतोच. बोकडाचं चामडं शेकल्याशिवाय नीट बोलत नाही. गुहेच्या तोंडाशी सुक्या पानांचा जाळ केला आणि सवयीनं घुमट वर धरलं. हे आजोबांच्या काळचं, कागदासारखं वाळलेलं चामडं आहे, हे डोक्यातच आलं नाही. तड् असा बारीक आवाज झाला. कडेला केसाएवढी चीर गेली होती.

बाबा वर आले तेव्हा मी घुमट पुढे केलं. त्यांनी घुमट मांडीत घेतलं, डोळे मिटले, बोटं टाकली. पुन्हा टाकली. मग जोरात. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बाय," ते म्हणाले, "म्हजे कान सोंपले गो."

संशोधकाचं रेकॉर्डिंग चालूच होतं.

मी त्यांच्यासमोर बसले, त्यांचं बोट धरून चिरेवरून फिरवलं. मग जाळाकडे आणि माझ्याकडे बोट दाखवलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. ते ओरडतील असं वाटलं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चीर पुन्हा चाचपली आणि सुटल्यासारखे हसले.

"कान न्हय गो! चामडें फुटलां. कान बरे आसात म्हजे."

मी मान हलवली. पण त्या कानांना जे ऐकू यायचं, ते घुमटच आता उरलं नव्हतं. हे त्यांच्या ध्यानात यायला घरापर्यंतचा रस्ता पुरला. गाडीत माझ्या शेजारी त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं, आणि मी समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.