डोक्याला हात लावून मोजणारी

ती आठवली की माझ्या तोंडातली गोष्ट अजून अडते. तापीकाठच्या उन्हाळी शिबिरात ती मुलांची ताई, वय सोळा. आवाज असा की मुंगीनेही "जरा मोठ्याने" म्हणावं. मी गोष्टी सांगणारा काका; माझा आवाज पार गुजरातेत ऐकू जायचा. हजेरीला मी मुलांना आकडे ओरडायला लावायचो. तिला ओरडायची लाज, म्हणून ती प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायची.

"ताई, टरबुजं निवडतेस का?" मी चिडवायचो. ती ओढणी चावायची.

एका दुपारी तीसच्या तीस आकडे खणखणीत आले. तिच्या हाताला मात्र एकोणतीसच डोकी लागली. एका पोराने दोस्ताचाही आकडा ओरडला होता. ती नदीकडे धावली. दोस्त छातीभर पाण्यात मगर शोधत होता. सकाळच्या गोष्टीत त्याच मगरीवर बसून मी नदी ओलांडली होती. तिने त्याला दंडाला धरून ओढत आणलं.

"काका, तुम्हनी गोष्ट त्याले खरी वाटनी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग मुलांकडे वळून ओरडली, "लाइन लावा!"

लाइन लागली. मीही मुकाट्याने शेवटी उभा राहिलो. मोजत मोजत ती माझ्यापर्यंत आली, आणि मला न मोजताच तिने हात खाली घेतला.